ग्रेव्ही जुनी, खिमा नवा : अमेरिकी दक्षिणेतल्या एका ताटाची पार्श्वभूमी

टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी या पट्ट्यातल्या साध्या खाणावळीत दुपारी गेलं की फळ्यावर 'हॅम्बर्गर स्टेक' हमखास दिसतो. सोबत बर्गरचा पाव नाही, सॅलडचं पान नाही. बीफ खिम्याची जाड, लांबट टिक्की, तिच्यावर मऊ झालेला कांदा, वरून तपकिरी ग्रेव्ही, आणि बाजूला बटाट्याचा लगदा नाहीतर भात. घरोघरीही आठवड्यातल्या एखाद्या थकलेल्या संध्याकाळी हेच शिजतं. कृती सांगणारे बहुतेक जण हे जेवण 'पणजीच्या वेळेपासूनचं' असल्याचं सांगतात. त्यात अर्धंच तथ्य आहे. ग्रेव्ही पणजीची खरी, पण खिमा घरात आला तो आजीच्या लग्नानंतर.

दक्षिण हा मुळात डुकराच्या मांसाचा मुलूख. डुकरं रानात सोडायची, थंडी पडली की कापायची, मांस मीठ लावून धुरावायचं आणि वर्षभर पुरवायचं. गुरं होती, पण भरपूर मांसाच्या चांगल्या जातींची जनावरं बाहेरून आणली की तिथे टिकत नसत. कारण गोचीड. तिकडे ज्याला 'टेक्सास फीव्हर' म्हणत, तो आपल्याकडच्या गोचीडतापाच्याच जातीचा रोग. तो गोचिडीमार्फतच पसरतो हे अमेरिकी सरकारच्या शास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये पुराव्यानिशी मांडलं. १९०६ मध्ये केंद्र सरकारने गोचीड निर्मूलनाची मोहीम सुरू केली. जमिनीत खणलेला सिमेंटचा लांब, अरुंद हौद, त्यात आर्सेनिक मिसळलेलं पाणी. जनावर एका टोकाने आत ढकलायचं, ते गळ्याइतक्या पाण्यातून पोहत दुसऱ्या टोकाने बाहेर यायचं. असं दर दोन आठवड्यांनी, गावातल्या प्रत्येक गुराला.

या हौदांना लोकांनी कडवा विरोध केला. काही ठिकाणी ते सुरुंग लावून उडवून दिले गेले. दोन-चार गुरं असलेल्या कुळाला त्यासाठी अख्खा दिवस मोडावा लागे आणि फायदा दिसायचा तो मोठ्या कळपवाल्यांचा. त्या रागाला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. फ्लोरिडात अशा जुन्या हौदांच्या जागी मातीत आर्सेनिक अजूनही सापडतं. मोहीम संपायला १९४३ साल उजाडलं. मेक्सिकोच्या सीमेलगतची टेक्सासमधली एक पट्टी तेवढी पहाऱ्याखाली राहिली.

दुसरी अडचण थंडाव्याची. खिमा अख्ख्या मांसापेक्षा फार लवकर खराब होतो, कारण वरवरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात. १९३० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत दर दहा शेतघरांपैकी साधारण एकाच घरात वीज होती, आणि दक्षिणेतली खेडी त्यात मागेच होती. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची योजना आली, १९३६ मध्ये तिचा कायदा झाला. तारा वाडीवस्तीपर्यंत पोचल्या, मागोमाग फ्रीज आले. त्याआधी खेड्यातल्या बाईने उन्हाळ्यात दुकानातून खिमा आणून रात्री शिजवायचा म्हणजे जोखीमच होती.

ग्रेव्हीचं तसं नाही. तिला गोचीड अडवत नव्हती आणि फ्रीजही लागत नव्हता. लागायची फक्त चरबी, पीठ आणि पाणी किंवा दूध. बेकन तळून उरलेली चरबी डब्यात जपून ठेवायची, ती बिडाच्या तव्यात घालायची, त्यावर चमचा-दोन चमचे मैदा. आपण अळूच्या पातळ भाजीला पीठ लावतो तीच युक्ती, फक्त इथे पीठ आधी चरबीत भाजून घेतात. मैदा शेंगदाण्याच्या सालीच्या रंगावर आला की हळूहळू पाणी ओतायचं आणि तव्याच्या तळाला धरलेला मांसाचा खरपूस थर लाकडी उलथण्याने खरवडून सोडवायचा. ग्रेव्हीची सगळी चव त्या खरवडीत असते. मराठी हॉटेलांत आपण ज्याला ग्रेव्ही म्हणतो ते कांदा-टोमॅटोचं वाटण असतं, त्यामुळे हा शब्द ऐकून मसाला शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. इथे मिरीपूड आणि मीठ, बस.

मैद्याची ग्रेव्ही गरिबाच्या घरात रोजची होण्यालाही एक तारीख आहे. दक्षिणेत रोजचं धान्य मका होतं, गव्हाचं पांढरं पीठ सणासुदीचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोलर गिरण्या आल्या आणि मैदा स्वस्त झाला. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलची एक प्रसिद्ध गिरणी १८८३ पासून मऊ गव्हाचा मैदा दळू लागली, आणि दक्षिणी बिस्किटं म्हणून आज ओळखले जाणारे मऊ, पापुद्र्याचे सोड्याचे पाव त्याच मैद्यावर पोसले गेले.

पण ग्रेव्हीखाली मांस झाकून, कांदा घालून, झाकण ठेवून मंद शिजवायची जी पद्धत आहे तिला तिकडे 'स्मदर्ड' म्हणतात, आणि तिचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगताच येणार नाही. चिवट कोंबडी, हाडाजवळचा हलका तुकडा, मालकाच्या ताटात न जाणारं मांस, हे सगळं खाण्याजोगं करायचं कसब प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींनी घडवलं, आधी गुलामगिरीत आणि नंतर दुसऱ्यांच्या घरी मोलाने राबताना. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ग्रेव्हीसोबत भात येतो. तिथली भातशेतीच मुळी पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, भात पिकवणं जाणणाऱ्या माणसांच्या श्रमावर उभी राहिली. खिम्याची टिक्की या जुन्या पद्धतीच्या झाकणाखाली नंतर येऊन बसली. म्हणून या जेवणात दक्षिणी काय आहे असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ग्रेव्ही हेच राहील.

आता नावाचा गुंता. याच ताटाला दुकानातल्या फ्रीझरमध्ये 'सॉल्झबरी स्टेक' म्हणतात, खाणावळीत 'हॅम्बर्गर स्टेक', तर काही मेन्यूंवर 'चॉप्ड स्टेक'. तिन्ही एकच असल्याचं सर्रास सांगितलं जातं.

'हॅम्बर्ग स्टेक' हे नाव एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्ग बंदरातून आलेल्या जर्मन स्थलांतरितांच्या खाण्यावरून पडलं. बॉस्टनमध्ये १८८४ साली निघालेल्या एका पाकपुस्तकात ते आहे. 'सॉल्झबरी' हे मात्र एका डॉक्टरांचं आडनाव. यादवी युद्धाच्या काळात सैनिकांचा अतिसार पाहून त्यांची अशी ठाम समजूत झाली की भाज्या आणि पिठूळ पदार्थ पोटात आंबून विष तयार करतात. त्यांनी १८८८ मध्ये आहार आणि रोग यांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यातला उपचार असा : चरबी आणि शिरा काढून टाकलेल्या बीफचा लगदा, त्याच्या टिकिया, आगीवर भाजून, दिवसातून तीन वेळा, आणि जेवणाआधी गरम पाणी. १८९७ पर्यंत 'सॉल्झबरी स्टेक' हे नाव अमेरिकेत छापून येऊ लागलं होतं.

त्या टिकियांत पीठ नव्हतं, ब्रेडचा चुरा नव्हता, सोबत बटाटा नव्हता, ग्रेव्ही तर नव्हतीच. पीठ आणि बटाटा हेच डॉक्टरांच्या मते रोगाचं मूळ. आज त्यांच्या नावाने विकला जाणारा पदार्थ म्हणजे चुरा मिसळलेला खिमा, पिठाची ग्रेव्ही आणि शेजारी बटाट्याचा डोंगर. त्यांनी जे जे वर्ज्य सांगितलं ते सगळं एका ताटात. डॉक्टरांचा सिद्धान्त चुकीचा होता, पण म्हणून त्यांच्या नावावर काहीही खपवावं असं नाही.

दुसरा गैरसमज पहिल्या महायुद्धाचा. १९१७-१८ मध्ये जर्मन नावांविरुद्ध लाट आली तेव्हा सावरक्राउटला, म्हणजे आंबवलेल्या कोबीला, 'लिबर्टी कॅबेज' आणि हॅम्बर्गरला 'लिबर्टी स्टेक' म्हणायचा प्रयत्न झाला. सॉल्झबरी हे नाव तेव्हाच शोधलं गेलं, असं बरेच जण लिहितात. ते नाव वीसेक वर्षं आधीपासूनचं. युद्धाने त्याला फार तर वाट मोकळी करून दिली.

तिसरी गाठ सरकारची, आणि वादाची खरी जागा तीच. केंद्राच्या कृषी खात्याच्या नियमांप्रमाणे 'हॅम्बर्गर' म्हणून विकायचं असेल तर फक्त बीफ, चरबी ३० टक्क्यांपर्यंत, आणि पाणी, चुरा, पीठ काहीही मिसळायचं नाही. 'सॉल्झबरी स्टेक'मध्ये मात्र किमान ६५ टक्के मांस पुरतं, त्यातही २५ टक्क्यांपर्यंत डुकराचं चालतं, आणि ब्रेडचा चुरा, ओट्स, सोया असली भर १२ टक्क्यांपर्यंत घालता येते. शुद्ध मांसाचा आग्रह धरणाऱ्या माणसाचं नाव सरकारने भेसळीला मोकळीक असलेल्या पदार्थाला दिलं आणि जर्मन बंदराचं नाव निर्भेळ मांसाला! नियम विकायच्या मालापुरता आहे, घरच्या तव्याला तो लागू नाही. पण त्या मोजमापाने पाहिलं तर घरी खिम्यात चुरा आणि अंडं घालून जे 'हॅम्बर्गर स्टेक' म्हणून वाढतात ते सॉल्झबरीच्या जवळचं. दक्षिणेतल्या खाणावळींनी जुनं नाव सोडलं नाही हे मला योग्य वाटतं. ज्या ताटात त्या डॉक्टरांचं काहीच उरलेलं नाही त्यावर त्यांचं आडनाव कशाला?

भर घालण्याला मी वर भेसळ म्हटलं, पण गरिबीत तिचा अर्थ वेगळा होता. मिसिसिपीतलं कॉरिन्थ हे गाव त्याची साक्ष आहे. तिथे मंदीच्या काळात खिम्यात पीठ मिसळून, तेलात तळून टिकिया विकत. किंमत ५ सेंट, आणि त्या नाण्याला बोलीभाषेत 'स्लग' म्हणत म्हणून तो 'स्लगबर्गर'. पिठाची जागा पुढे सोयाच्या भरडीने घेतली. फसवणुकीचा प्रश्नच नव्हता, कारण गिऱ्हाइकाला काय मिसळलंय ते माहीत होतं. १९८८ पासून गाव त्याची जत्राही भरवतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र सगळं भराभर जुळून आलं. मांसाचं रेशनिंग १९४५ च्या अखेरीस उठलं, गोचीड गेली होती, फ्रीज आले होते. १९४६ मध्ये शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि खिम्याची ग्रेव्हीवाली टिक्की शाळेच्या ट्रेमध्ये शिरली. १९३४ पासून डब्यात मिळणारं मशरूम सूप आणि १९५० च्या दशकात आलेलं कांद्याच्या सूपचं पाकीट यांनी पीठ भाजायचा खटाटोप वाचवला. १९५४ च्या सुमारास गोठवलेलं तयार जेवण ॲल्युमिनियमच्या खणांच्या थाळीत मिळू लागलं आणि सॉल्झबरी स्टेकने त्यात लवकरच कायमची जागा पटकावली. आज पन्नाशी-साठीतल्या माणसाला ही चव 'घरची' वाटते ती बहुधा याच काळातली, आणि तिच्यातली बरीचशी पाकिटातली. पाकिटावर स्वयंपाक करणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही, ती दिवसभर गिरणीत उभी राहून आलेली असे. पण भाजलेल्या पिठाची सर त्याला नाही.

१९९३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर नीट न शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली, मुलं दगावली. १९९४ मध्ये कृषी खात्याने त्या जंतूचा तोच घातक प्रकार खिम्यात आढळल्यास माल बाद ठरवायचा निर्णय घेतला. तेव्हापासून घरी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा असं ठासून सांगितलं जातं. झाकण ठेवून ग्रेव्हीत शिजणाऱ्या टिक्कीला ते सहज साधतं, आतून गुलाबी ठेवायचा मोह या पदार्थात नाहीच.

अटलांटा, शार्लट, ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत हे ताट येतं ते बहुधा मुलांच्या शाळेतून. बीफ न खाणारे टर्कीचा खिमा वापरतात, तो ७४ अंशांपर्यंत न्यावा लागतो, आणि त्यातून चरबी कमी सुटते, म्हणून पीठ भाजायला लोणी वेगळं घ्यावं लागतं.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर होती, आणि त्याच जूनमध्ये खिम्याचा सरासरी भाव पाऊंडाला ६ डॉलरच्या वर गेला. गरिबाचं म्हणून रुळलेलं हे जेवण आता तसं स्वस्त राहिलेलं नाही, म्हणून एका पाऊंडात चार ताटं बसवण्यासाठी कृतींमध्ये पुन्हा चुरा आणि ओट्स यांची भर दिसते. चुऱ्यासकट एक पाऊंड मिश्रण धरलं, म्हणजे ४५४ ग्रॅम, तर त्याचे १२ टक्के साधारण ५४ ग्रॅम होतात. वाळलेल्या ब्रेडचा अर्धा कप चुराही वजनाला जवळपास तेवढाच भरतो.