जमिनीत पुरलेल्या जलवाहिन्यांची किंमत : अमेरिकेतील खासगी पाणी कंपन्यांच्या दरनियमनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत बहुतेक घरांना पाणी पुरवण्याचे काम नगरपालिका आणि स्थानिक जलप्राधिकरणे करतात. तरीही पेन्सिल्वेनिया, न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत लाखो कुटुंबांचा पाणीपुरवठा, आणि अनेक ठिकाणी सांडपाण्याची व्यवस्थाही, खासगी कंपन्यांच्या हाती आहे. अशा कंपनीला स्वतःच्या मर्जीने दर वाढवता येत नाहीत. तिला राज्याच्या आयोगापुढे अर्ज करून हिशेब मांडावा लागतो आणि त्या हिशेबात चार बाबी येतात : चालू खर्च, कर, घसारा (यंत्रणेच्या झिजेपोटी धरलेली रक्कम) आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा. पहिल्या तीन बाबी वह्या उघडून बऱ्याच अंशी तपासता येतात. परतावा मात्र कोणत्या रकमेवर मोजायचा, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पुरलेल्या जलवाहिनीची आज किंमत किती धरायची, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून या नियमनाच्या मुळाशी आहे.

वादाची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत स्पष्ट दिसते. कॅलिफोर्नियाच्या 1858 च्या कायद्यानुसार तेथील स्प्रिंग व्हॅली वॉटर वर्क्स या कंपनीचे दर एक मंडळ ठरवत असे. त्यात दोन सदस्य शहराचे आणि दोन कंपनीचे असत, आणि पाचव्या सदस्यावर त्यांचे एकमत झाले नाही तर त्याची नेमणूक काउंटीचा शेरिफ करी. ज्याचे दर ठरवायचे त्यालाच निर्णयात अर्धा वाटा देणारी ही रचना शहरवासीयांना पटणे कठीणच होते. 1879 मध्ये राज्याची नवी घटना आली आणि दर ठरवण्याचा अधिकार शहराच्या निर्वाचित पर्यवेक्षक मंडळाकडे गेला. आपल्याशी झालेला करार मोडला गेला, असे म्हणत कंपनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1884 मध्ये सरन्यायाधीश वेट यांच्या न्यायालयाने निकाल शहराच्या बाजूने दिला. मात्र शहराने अवाजवी कमी दर ठरवले तर कंपनीला दाद मागता येईल का, हा प्रश्न त्या निकालाने मोकळाच ठेवला.

वेट यांनीच 1877 मध्ये शिकागोच्या धान्य कोठारांसंबंधीच्या मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात पायाभूत तत्त्व घालून दिले होते. खासगी मालमत्ता लोकहिताशी जोडली गेली की तिच्या वापराचे दर ठरवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना मिळतो, आणि तो अधिकार कोणी चुकीचा वापरला तर उपाय मतपेटीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वीस वर्षांत न्यायालयाने हा पवित्रा बदलला. 1898 च्या स्मिथ विरुद्ध एम्स या नेब्रास्कातील रेल्वे दरांच्या खटल्यात असे ठरले की कंपनीला मालमत्तेच्या ‘वाजवी मूल्यावर’ परतावा मिळालाच पाहिजे. मात्र ते मूल्य काढताना मूळ खर्च, आजचा बांधणी खर्च, रोखे व समभागांचे बाजारमूल्य, संभाव्य कमाई असे सगळेच विचारात घ्यायचे होते. ही कसोटी मुळातच सदोष होती, कारण समभागांचे बाजारमूल्य आणि कमाई ही दरांवरच अवलंबून असतात. ज्या दराचे वाजवीपण तपासायचे, त्याच दरातून निघालेला आकडा पुरावा म्हणून पुढे येत होता.

पाणी कंपन्यांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा, पण कमी सांगितला जाणारा निकाल 1909 चा आहे. टेनेसीतील नॉक्सव्हिल शहराने वटहुकूम काढून तेथील पाणी कंपनीचे दर बांधले होते. आपली यंत्रणा आज नव्याने उभारायला किती खर्च येईल, तो आकडा कंपनीने न्यायालयापुढे ठेवला. जुन्या झालेल्या वाहिन्या आणि पंपांची झीज त्यातून वजा केली नाही. न्यायमूर्ती मूडी यांनी हा हिशेब नाकारला. यंत्रणा झिजते, म्हणून कंपनीने दरवर्षीच्या उत्पन्नातून झिजेची भरपाई बाजूला काढली पाहिजे आणि तशी ती काढण्याचा तिला हक्कही आहे, असे त्यांनी सांगितले. पण ती रक्कम लाभांशात वाटून टाकायची आणि नंतर झिजलेल्या यंत्रणेची किंमत नव्यासारखी लावायची, हे मान्य होणार नाही. आज दरनिश्चितीत घसारा ही स्वतंत्र बाब म्हणून येते आणि परताव्याच्या रकमेतून साठलेला घसारा वजा होतो, त्यामागचा विचार या निकालात स्वच्छ मांडलेला आहे.

तोपर्यंत दर ठरवण्याची जागाही बदलू लागली होती. शहरांच्या सभागृहांत अभियंते आणि हिशेबनीस नव्हते, लाचलुचपतीचे आरोप मात्र होते. दुसरीकडे कंपन्यांनाही प्रत्येक निवडणुकीला बदलणाऱ्या सभागृहापेक्षा स्थिर संस्था परवडणारी होती. 1907 मध्ये विस्कॉन्सिनने आपल्या रेल्वे आयोगाच्या कक्षेत वीज, टेलिफोन आणि पाणी या सेवा आणल्या, आणि पुढच्या दशकात बहुतेक राज्यांनी असे आयोग नेमले. महाराष्ट्रातील वाचकांना वीज नियामक आयोगापुढच्या जनसुनावण्यांमुळे ही रचना परिचित आहे. पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे 2005 च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. ते ठोक जलप्रशुल्क, म्हणजे मोठ्या प्रमाणावर पुरवलेल्या पाण्याचा दर, ठरवते. घरोघरच्या नळाची पाणीपट्टी त्याच्यापुढे येत नाही.

पहिल्या महायुद्धाने मूल्यांकनाचा वाद पुन्हा पेटवला. किमती जवळजवळ दुप्पट झाल्या आणि कंपन्या मूळ खर्चाऐवजी आजच्या बांधणी खर्चाचा आग्रह धरू लागल्या. पश्चिम व्हर्जिनियाच्या आयोगाने ब्लूफील्ड येथील पाणी कंपनीची मालमत्ता 4,60,000 डॉलरची धरून तीवर 6 टक्के परतावा दिला होता. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अपुरा ठरवला आणि जी कसोटी सांगितली ती आजही जवळजवळ प्रत्येक दरअर्जात उद्धृत होते : त्याच काळात, त्याच भागात, तेवढीच जोखीम असलेल्या इतर उद्योगांत जो परतावा मिळतो तो कंपनीला मिळावा, त्यातून तिची पत टिकावी आणि भांडवल उभे राहावे, सट्ट्याच्या धंद्यातल्या नफ्यावर मात्र तिचा हक्क नाही. 1926 मध्ये इंडियानापोलिसच्या पाणी कंपनीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले आणि नजीकच्या भविष्यातील किमतीही धरण्यास त्याने सांगितले. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी या काळात सातत्याने वेगळा विचार मांडला. गुंतवणूकदाराने विवेकाने प्रत्यक्ष घातलेला पैसा हाच परताव्याचा पाया असावा, कारण तो वह्यांतून सिद्ध होतो. काल्पनिक पुनर्बांधणीचा खर्च म्हणजे तज्ज्ञांच्या अंदाजांची लढाई. माझ्या मते या साऱ्या वादात सामान्य ग्राहकाच्या इतक्या उपयोगाचा दुसरा विचार कोणी मांडला नाही.

ब्रँडाइस यांच्या निधनानंतर सुमारे सव्वादोन वर्षांनी, 1944 मध्ये, तो विचार प्रत्यक्षात उतरला. होप नॅचरल गॅस कंपनी पुनर्बांधणी खर्चाच्या आधारे सुमारे 6.6 कोटी डॉलरचा आकडा मागत होती, तर संघीय आयोगाने मूळ खर्च धरून सुमारे 3.37 कोटी डॉलरवर परतावा दिला होता. न्यायमूर्ती डग्लस यांनी आयोगाचा आदेश कायम ठेवला आणि पद्धत कोणती यापेक्षा अंतिम परिणाम वाजवी आहे का हे पाहायचे, असे सांगितले. खटला गॅसचा होता, तरी बहुसंख्य राज्यांनी पाण्यासाठीही मूळ खर्च वजा घसारा हे सूत्र स्वीकारले. ग्राहकांनी, विकासकांनी किंवा सरकारी अनुदानाने दिलेल्या पैशातून जे बांधले गेले, ते साधारणपणे परताव्याच्या रकमेतून वगळले जाऊ लागले, कारण त्यात कंपनीचे भांडवल नव्हते.

पुढची तीस वर्षे तुलनेने शांत गेली. नंतर 1972 चा स्वच्छ जल कायदा आणि 1974 चा सुरक्षित पेयजल कायदा यांनी शुद्धीकरणाचा खर्च वाढवला, आणि 1987 मध्ये सांडपाणी प्रकल्पांची संघीय अनुदाने बंद करून त्यांच्या जागी कर्जाऊ फिरता निधी आणण्याचे ठरले. खर्च वेगाने वाढू लागला तेव्हा दरअर्जाची प्रक्रिया कंपन्यांना फार संथ वाटू लागली. पेन्सिल्वेनियात नव्या दरांची 60 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आयोग ते आणखी सात महिने रोखून धरू शकतो, आणि तेवढ्या वेळात 1976 पासून असलेले ग्राहक अधिवक्ता कार्यालय कंपनीचा प्रत्येक दावा खोदून पाहू शकते. हा वेळ वाया जात नाही. त्यातूनच मागितलेली वाढ आणि मंजूर वाढ यांत फरक पडतो. पण जुन्या वाहिन्या बदलण्याचे काम त्यामुळे रेंगाळते, हे कंपन्यांचे म्हणणेही निराधार नव्हते. म्हणून 1990 च्या दशकात याच राज्याने एक नवा अधिभार आणला : संपूर्ण दरअर्जाशिवाय, वाहिन्या बदलल्याचा खर्च दर तिमाहीला मर्यादित टक्केवारीने बिलात लावायचा आणि पुढच्या दरनिश्चितीत तो मूळ दरात मिसळायचा. इतर अनेक राज्यांनी तो उचलला. पेन्सिल्वेनियाच्या 2012 च्या कायद्याने तो सांडपाण्यालाही लागू झाला, शिवाय सांडपाणी व्यवस्थेच्या खर्चाचा काही भाग पाण्याच्या ग्राहकांवर टाकण्याची मुभा आयोगाला मिळाली. ज्यांच्या घरी स्वतःचा सेप्टिक टँक आहे, त्यांच्या पाण्याच्या बिलातही त्यामुळे दुसऱ्या गावाच्या मलवाहिन्यांचा खर्च येऊ शकतो.

त्याहून खोल बदल नगरपालिकांच्या यंत्रणा विकत घेण्याच्या कायद्यांनी केला. इलिनॉयने 2013 मध्ये, न्यू जर्सीने 2015 मध्ये आणि पेन्सिल्वेनियाने 2016 मध्ये असे कायदे केले. पेन्सिल्वेनियात विकणारी नगरपालिका आणि घेणारी कंपनी आपापला मूल्यांकक नेमतात. त्यांच्या दोन अंदाजांची सरासरी किंवा ठरलेली विक्री किंमत, यांपैकी जी कमी ती रक्कम परताव्याचा पाया ठरते. कर्जाच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या ओझ्याखालच्या नगरपालिकेला एकरकमी पैसा मिळतो, आणि मोठी किंमत देण्यात कंपनीचे फारसे नुकसान नसते, कारण जितकी किंमत मोठी तितक्या मोठ्या रकमेवर तिला परतावा मिळतो. जे नागरिक त्या वाहिन्यांचा खर्च पाणीपट्टीतून आणि संघीय अनुदानाच्या करातून एकदा भरून बसले आहेत, त्यांच्या बिलात तीच मालमत्ता नव्या मूल्याने पुन्हा येते. व्यवहारावर निर्णय देण्यासाठी आयोगाला सहा महिने मिळतात, आणि मंजुरीबरोबर ठरलेली ती रक्कम कंपनीच्या पुढच्या दरअर्जात समाविष्ट करावी लागते.