पाच लाखांचे कार्ड आणि चौदा आकडी आभा

पारोळा, चोपडा किंवा शहाद्याच्या एखाद्या सेवा केंद्रात जाऊन "वडिलांचे आयुष्मानचे कार्ड काढून द्या" असे सांगितले, तर केंद्रचालक दोन वेगळ्या कार्डांपैकी कोणतेही एक छापून हाती देऊ शकतो, आणि आपल्याला नेमके कोणते मिळाले हे बहुधा रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळते. पहिले कार्ड आयुष्मान वय वंदना योजनेचे असते आणि ते रुग्णालयाचे बिल भागवते. दुसरे आभा, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खाते. ते एक पैसाही देत नाही, पण वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या तपासण्या आणि लिहून दिलेली औषधे एकमेकांना जोडण्याची सोय करते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दोन्ही लागतात, मात्र एकाच दिवशी नव्हे, आणि एकाच कामासाठी तर नव्हेच.

या गोंधळाचा दोष लोकांना देता येणार नाही, कारण नावेच तशी ठेवली आहेत. आयुष्मान भारत या एका छत्राखाली विम्यासारखी योजना आहे, आरोग्यविषयक नोंदींचे डिजिटल अभियान आहे, आणि गावातले उपकेंद्रही आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखले जाते. त्यातच प्रधानमंत्री वय वंदना या नावाची आयुर्विमा महामंडळाची एक निवृत्तिवेतन योजना होती, जिची नवी विक्री ३१ मार्च २०२३ रोजी थांबली. त्यामुळे वय वंदना कार्ड म्हटल्यावर दरमहा काही रक्कम खात्यात येईल अशी समजूत करून घेणारे आजोबाही भेटतात. खान्देशात याला आणखी एक पदर आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. तिचे नाव पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली, तरी आमच्याकडे आजही "जीवनदायीत बसते का?" असेच विचारले जाते. प्रश्न जुन्या नावाने आला तरी रुग्णालयात योजनेच्या मदतीसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला तो समजतो. अडचण होते ती कोणी आभा कार्ड पुढे करून हा प्रश्न विचारला तर.

आधी पैशांच्या कार्डाविषयी. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झाली तेव्हा ती ठरावीक गरीब कुटुंबांसाठी होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ती ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, लागू झाली आणि त्यासाठी वय वंदना हे स्वतंत्र कार्ड आले. वय आधारवरील नोंदीप्रमाणे धरले जाते. संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांचे आहे, पण ते माणशी नसून कुटुंबाचे आहे. घरात आजी आणि आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून वापरायची असते. घर आधीपासूनच योजनेत असेल तर सत्तरीपुढच्यांसाठी आणखी ५ लाख रुपये वेगळे मिळतात आणि त्यांत घरातल्या तरुणांचा वाटा नसतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना घेणाऱ्यांना जुनी आणि नवी यांतील एक निवडावी लागते. खासगी विमा असलेल्यांना मात्र हे कार्ड काढण्यास आडकाठी नाही. आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरला जातो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने ही या योजनेतली सर्वांत मोलाची तरतूद आहे.

हे कार्ड दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, ही गोष्ट वारंवार सांगावी लागते. ते चालण्यासाठी रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते, आणि नुसते यादीत असून भागत नाही, तर ज्या विभागातील उपचार हवा आहे त्या विभागासाठी त्याची नोंद असावी लागते. बाह्यरुग्ण विभागातील महिन्याची तपासणी किंवा औषध दुकानातून घेतलेल्या रोजच्या गोळ्या यात येत नाहीत. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातील तपासण्या व औषधे योजनेत धरली जातात. सोळाव्या दिवसापासून रुग्ण पुन्हा आपल्या गावच्या, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांच्या स्वाधीन होतो, आणि वय वंदना कार्डाजवळ त्या डॉक्टरांना सांगण्यासारखे काहीही नसते.

आमच्या मामांचे जे झाले ते याच सोळाव्या दिवसानंतर झाले. मामा शहात्तर वर्षांचे, पारोळा तालुक्यातील एका गावचे. पारोळा धुळे-जळगाव महामार्गावर मध्येच असल्यामुळे त्या भागातील म्हाताऱ्यांचे आजार दोन जिल्ह्यांत वाटले जातात: मामांचे मोतीबिंदू धुळ्याला काढले, हृदयाचे काम जळगावला झाले आणि रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चालू होत्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला तो योजनेतून, एक रुपयाही न भरता, आणि त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर इतर औषधांबरोबर ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम होते, पण कंपनीच्या नावाने. आरोग्य केंद्रातून मिळणारी गोळीही ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच होती, मूळ औषधाच्या नावाने आणि वेगळ्या वेष्टनात. मामांनी दोन्ही घेतल्या. नंतर विचारले तेव्हा ते भाबडेपणाने म्हणाले, "दोन्ही बीपीन्याच गोया शेतस ना?" गोळ्या बीपीच्याच होत्या, आणि त्यांना दुसरे काही कळावे असे दोन्ही पाकिटांवर काही नव्हते.

तीन आठवड्यांत घोटे सुजले. ॲम्लोडिपिनने, विशेषतः मात्रा वाढली की, पायांवर सूज येते हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते; पण मात्रा दुप्पट झाली आहे हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्या जवळच्या डॉक्टरांनी सूज पाहून लघवीची गोळी दिली. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण हृदयाचा रुग्ण सुजलेले पाय घेऊन समोर आला म्हणजे तो विचार मनात येणे साहजिक आहे. महिना मेचा होता, जळगाव-धुळ्याचा पारा ४४ अंशांच्या आसपास होता, घामाने शरीरातील मीठ-पाणी जात होते आणि गोळीने ते आणखी जाऊ लागले. एके सकाळी मामा ओसरीवर चक्कर येऊन पडले. रक्तात सोडियम कमी झालेले निघाले. तीन डॉक्टर, तिघांचेही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे, आणि तरी माणूस पडला. खिशात पाच लाखांचे कार्ड होते आणि त्यातली रक्कमही पुष्कळ शिल्लक होती.

येथे आभाचे काम सुरू होते, किंवा व्हायला हवे होते. आयुष्मान भारत डिजिटल अभियान २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. आभा हा त्यातील १४ आकडी क्रमांक असून तो आधार किंवा वाहन परवान्याच्या आधारे, विनाशुल्क आणि पूर्णपणे ऐच्छिक पद्धतीने काढता येतो. त्याला वयाची अट नाही. क्रमांक काढला म्हणून आपली सारी कागदपत्रे दिल्लीतल्या एखाद्या संगणकात जाऊन बसतात, ही समजूत चुकीची आहे. रक्ततपासणीचा अहवाल ज्या प्रयोगशाळेने केला तिच्याकडेच राहतो, घरी सोडतानाचा सारांश ज्या रुग्णालयाने लिहिला त्याच्याकडेच राहतो; आभा फक्त हे सारे एकाच माणसाचे आहे हे सांगणारा दुवा पुरवते. नव्या डॉक्टरांना ते पाहायचे असेल तर रुग्णाच्या मोबाईलवर परवानगीची विनंती येते, आणि कोणते कागद, कोणत्या काळातले, किती दिवसांपर्यंत दाखवायचे हे रुग्ण ठरवतो. दिलेली परवानगी मागेही घेता येते.

ही रचना मला विचारपूर्वक केलेली वाटते, पण ती चालण्यासाठी साखळीतील प्रत्येक कडी जागेवर असावी लागते. मामांच्या बाबतीत जळगावच्या रुग्णालयाने घरी सोडतानाचा सारांश आभाशी जोडायला हवा होता, आरोग्य केंद्रातील औषधांची नोंदही तशीच जोडलेली असायला हवी होती, आणि तिसऱ्या डॉक्टरांकडे ते उघडून पाहण्याची व्यवस्था, इच्छा आणि पाच मिनिटे असायला हवी होती. त्यांचा दवाखाना कागदाच्या पॅडवर चालतो. पॅडवर लिहिलेली चिठ्ठी आपोआप कोठेही चढत नाही. काही मोबाईल ॲपमध्ये जुन्या कागदांचे फोटो स्वतः चढवता येतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी आज तोच मार्ग अधिक भरवशाचा आहे, असे माझे मत झाले आहे.

मोबाईलचा प्रश्न त्याहून अवघड आहे. खान्देशातील कित्येक घरांत मुलगा पुण्याला किंवा सुरतेला असतो आणि आईवडिलांच्या आधारला जोडलेला क्रमांक त्याचा असतो. वय वंदना कार्ड काढताना ओटीपी न आल्यास बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांवरून ओळख पटवण्याचा पर्याय असतो. कपाशी वेचून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत अशा आजींना चेहऱ्याच्या पर्यायाने कार्ड मिळू शकते. ते काम एकदाच करायचे असते. आभाची परवानगी मात्र दर नव्या डॉक्टरांकडे नव्याने द्यावी लागू शकते, आणि त्या क्षणी फोन ज्याच्या हातात आहे तो माणूस सुरतच्या कारखान्यात पाळीवर असेल तर डॉक्टरांच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. म्हणून आभा काढताना कोणता मोबाईल क्रमांक द्यायचा हा निर्णय केंद्रचालकावर सोडू नये. दवाखान्यात सोबत कोण जाते, सून की नातू, हे पाहून तो ठरवावा.

सुरतेवरून दोन्ही कार्डांविषयी आणखी एक गोष्ट सांगता येते. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा फलाट निम्मा महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातमध्ये आहे, आणि त्या पट्ट्यातील लोकांचे उपचारही असेच हद्द ओलांडून चालतात. वय वंदना कार्ड देशभर यादीतील रुग्णालयांत चालते, तेव्हा नंदुरबारचा माणूस सुरतेला दाखल झाला तरी त्याचे संरक्षण कायम राहते. आभालाही राज्याची हद्द नाही. फक्त सुरतेचे उपचार मराठी न वाचणाऱ्या डॉक्टरांनी गुजरातीत समजावून सांगितलेले असतात आणि गावी परतल्यावर त्यांतले निम्मे विसरलेले असते, म्हणून जोडलेल्या कागदाची गरज तेथे अधिक भासते.

व्यवहारात फरक लक्षात ठेवायचा तर रुग्णालयातील खिडकी कोणती, यावरून ठेवावा. दाखल व्हायचे असेल तर आरोग्यमित्राच्या टेबलाशी वय वंदना कार्ड आणि आधार घेऊन जावे. हे दाखल झाल्याबरोबर सांगावे, बिल तयार झाल्यावर नव्हे, कारण नियोजित उपचारांसाठी रुग्णालयाला आधी मंजुरी घ्यावी लागते. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढायचा असेल आणि तेथे आभाचा क्यूआर कोड लावलेला असेल तर मोबाईलवरून तो स्कॅन करून रांगेतला क्रमांक मिळवता येतो, नाव-पत्ता पुन्हा सांगावा लागत नाही. आभा नाही म्हणून सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारावेत असा नियम नाही. वय वंदना कार्डाविषयी शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारता येते.

मामांकडे आता दोन्ही कार्डे आहेत, पण त्या पडण्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही केलेले काम कार्डांशिवायचे होते. घरातली सारी पाकिटे, चालू आणि जुनी, एका पिशवीत भरून आरोग्य केंद्रात नेली आणि तेथील डॉक्टरांसमोर ओतली. त्यांनी कंपनीच्या नावांखाली मूळ औषधांची नावे लिहिली, दोनदा आलेली खोडली, आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपुढे "हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये" असे ठळक अक्षरांत लिहिले. तो कागद मामेभावाने फोटो काढून आभाशी जोडलेल्या ॲपमध्ये चढवला. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात आहे, वरच्या कोपऱ्यात १४ आकडे आणि मामींचा मोबाईल क्रमांक लिहिलेला, आणि मामा धुळ्याला डोळे दाखवायला जातानाही तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात.