मोबाइल पेमेंट खाते कायमचे बंद झाल्यास काय करावे: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे’ असा संदेश मोबाइलवर आला की पैसे पाठवण्याची सोय गेली आणि त्याबरोबर पैसेही गेले, असेच ग्राहकाला वाटते. या दोन गोष्टी एक नाहीत. खाते ही कंपनीने दिलेली सेवा असते आणि ती थांबवण्याचा अधिकार कंपनी करारातील अटींमध्ये बहुधा स्वतःकडे राखून ठेवते. खात्यातील शिल्लक मात्र ग्राहकाची असते, आणि ती एखाद्या कायद्याने किंवा न्यायालयाच्या आदेशाने रोखलेली नसेल, तर केवळ खाते बंद झाले म्हणून ग्राहकाचा तिच्यावरील हक्क संपत नाही. म्हणून अशी अडचण घेऊन आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी पैशांबद्दल विचारतो आणि खात्याबद्दल नंतर.

पैसे नेमके कोठे आहेत

काही ॲपमध्ये पैसे कंपनीच्या पाकिटात, म्हणजे वॉलेटमध्ये जमा असतात. काही ॲप फक्त बँकेतील खात्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता असतात. आणि काहींमध्ये कार्डाची माहिती साठवून फोन मशीनजवळ धरून पैसे दिले जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ॲप बंद झाले तरी पैसे बँकेतच असतात, बँकेचे खाते किंवा कार्ड नेहमीप्रमाणे चालू असण्याची शक्यता मोठी असते, आणि बँकेला एक फोन केल्यावर तेवढी काळजी मिटते. अडचण खरी पहिल्या प्रकारात आहे, कारण तेथे शिल्लक आणि ती काढण्याचे दार ही दोन्ही एकाच कंपनीच्या हातात असतात. आपले ॲप कोणत्या प्रकारचे आहे हे माहीत नसेल, तर पैसे दिल्याची नोंद बँकेच्या उताऱ्यात त्याच व्यवहाराच्या नावाने दिसते की फक्त ‘वॉलेट भरले’ अशी दिसते, ते पाहावे.

संदेशातील शब्द नीट वाचावेत

चुकीचा पिन अनेकदा टाकल्याने लागलेले कुलूप तात्पुरते असते. ‘मर्यादित’ असा शब्द असेल तर पैसे येणे चालू आणि पाठवणे बंद, असा प्रकार असू शकतो. तेथे ओळख पडताळणीची कागदपत्रे पुन्हा दिल्यावर काम होण्याची आशा असते. ‘कायमचे’, ‘अंतिम निर्णय’, ‘सेवा करार समाप्त’ असे शब्द असतील तर निर्णय झालेला आहे असे धरूनच पुढची पावले टाकावीत. ‘सक्षम प्राधिकरणाच्या आदेशावरून’ असे लिहिले असल्यास मार्ग पूर्णपणे वेगळा आहे; त्या वेळी कुलूप लावणाऱ्या कंपनीला ते स्वतःहून काढता येत नाही, त्यामुळे आदेशाचा क्रमांक आणि आदेश देणाऱ्या कार्यालयाचे नाव मागून घ्यावे आणि वकिलाच्या सल्ल्याने त्या कार्यालयाकडेच दाद मागावी.

पहिल्या दिवशी

घाबरून ॲप काढून टाकू नये आणि फोन कोरा करू नये. खाते बंद झाल्यावरही काही काळ आत जाऊन फक्त पाहता येते. ही सोय कधी संपेल ते सांगून संपत नाही. त्यामुळे संदेशाचा तारीख आणि वेळेसह स्क्रीनशॉट, दिसणारी शिल्लक, अर्धवट राहिलेले व्यवहार व त्यांचे क्रमांक, आणि उतरवून घेता येईल तेवढा जुना खातेउतारा, हे सर्व त्याच दिवशी फोनबाहेर दुसऱ्या ठिकाणी साठवावे. त्यानंतर या खात्यातून आपोआप जाणारे पैसे आठवून पाहावेत: कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, वीज किंवा फोनचे बिल. ॲप बंद झाल्याचे हप्ता वसूल करणाऱ्याला कोणी कळवत नाही, आणि चुकलेल्या हप्त्याचा दंड भरताना हे कारण क्वचितच ऐकले जाते. ज्यांच्याकडून या खात्यावर पैसे येतात त्यांनाही लगेच दुसरा मार्ग कळवावा आणि जुना क्यूआर कोड काढून ठेवावा.

कारण का सांगितले जात नाही

नाव आणि ओळखपत्र यांतील तफावत, एकाच माणसाची दोन खाती, वैयक्तिक खात्यावर धंद्याची वसुली, पैसे देणाऱ्यांच्या वारंवार आलेल्या तक्रारी, बंदी असलेल्यांच्या यादीतील एखाद्या नावाशी साधर्म्य, आणि दुसऱ्याला वापरायला दिलेले खाते ही खाते बंद होण्याची नेहमी आढळणारी कारणे आहेत. शेवटचे कारण सर्वांत गंभीर आहे. ओळखीच्या माणसाने ‘माझे पैसे तुझ्या खात्यावर येतील, ते पुढे पाठव’ अशी विनंती केली आणि आपण भिडेपोटी मान्य केली, तर फसवणुकीच्या पैशांच्या वाटेवर आपले नाव लागते, आणि त्याचे परिणाम खाते गमावण्याच्या पलीकडे जाऊ शकतात. असे घडले असेल तर आमच्याशी बोलण्याआधी वकिलाशी बोलावे.

ग्राहकांना सर्वांत जास्त त्रास होतो तो कारण न सांगण्याचा, आणि तो राग आम्हाला समजतो. त्यामागे पुष्कळदा कायद्याचे बंधन असते. काळ्या पैशाविरुद्धचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी एफएटीएफ ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या ४० शिफारशींना धरून अनेक देशांनी आपापले कायदे केले आहेत. त्यांतील २१ व्या शिफारशीनुसार संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारी यंत्रणेकडे पाठवला असल्यास ते ग्राहकाला कळू देण्यास कंपनीला आणि तिच्या कर्मचाऱ्यांना मनाई असते. मदतकेंद्रातील व्यक्ती ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, कारण पुष्कळदा तिला स्वतःलाच अधिक माहिती नसते किंवा ती सांगता येत नसते. तिच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नये. याच शिफारशींमधील ११ वी शिफारस ग्राहकाच्या उपयोगाची आहे: व्यवहारांच्या नोंदी किमान ५ वर्षे जपून ठेवाव्यात, असे ती सांगते. म्हणून ‘खाते बंद झाल्यामुळे आता नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाल्यास ते मुकाट्याने स्वीकारू नये, जुन्या उताऱ्याची मागणी लेखी करावी.

शिल्लक काही महिने अडकवून ठेवली जाते, त्यालाही अनेकदा समजण्यासारखे कारण असते. कार्डाने दिलेले पैसे परत मागण्यासाठी मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत अनेक प्रकारच्या तक्रारींना १२० दिवसांची मुदत आहे, आणि वस्तू मिळालीच नाही अशा तक्रारीत ती वस्तू मिळायची होती त्या दिवसापासून मोजली जाऊ शकते. शिल्लक आधीच देऊन टाकली तर नंतर येणाऱ्या परताव्याचा भार कंपनीवर पडतो. तरीही रक्कम कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या अटीनुसार रोखली आहे हे विचारणे आपला हक्क आहे, आणि ती तारीख लेखी मिळवणे हे आमच्या मते खाते पुन्हा उघडून मिळण्याच्या आशेपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

तक्रार कशी लिहावी

फोनवर बोलणे झाले तरी तक्रार लेखी असावी, तिचा क्रमांक मिळालेला असावा, आणि एकाच विषयाची एकच तक्रार सलग चालवावी. रोज नवी तक्रार केल्यास ती रोज नव्या माणसाकडे जाते आणि तो प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो. मजकूर छोटा आणि शांत असावा. आम्ही साधारणपणे असा मसुदा देतो:

‘माझ्या या क्रमांकाचे खाते अमुक तारखेला बंद केल्याचा संदेश मला मिळाला. त्या वेळी खात्यात अमुक रक्कम शिल्लक होती. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. निर्णयाचा पुनर्विचार व्हावा अशी माझी विनंती आहे आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे देण्यास मी तयार आहे. निर्णय कायम राहणार असल्यास शिल्लक रक्कम माझ्या नावावरील बँक खात्यात केव्हा जमा होईल, ते कृपया तारखेसह लेखी कळवावे.’

यात दोन मागण्या मुद्दाम एकत्र ठेवल्या आहेत, म्हणजे पहिलीला नकार मिळाला तरी दुसरीचे उत्तर द्यावेच लागते. एखाद्या विशिष्ट व्यवहाराविषयी विचारणा झाली तर त्याचे बिल, करार किंवा माल पोहोचल्याची पावती जोडावी. गैरसोयीची बाब लपवू नये. लेखी उत्तरात एक खोटे विधान सापडले की बाकीच्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही उडतो.

ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे, आणि तेथेही काम झाले नाही तर कंपनीला परवाना देणाऱ्या नियामकाकडे किंवा वित्तीय लोकपालाकडे. लोकपाल साधारणपणे कंपनीकडे आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा मागतो, त्यामुळे तो तक्रार क्रमांक येथे उपयोगी पडतो.

काही गोष्टी कृपया करू नका

घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने त्याच फोनवर नवे खाते उघडू नये. कंपन्या फोन, सिम आणि बँक खाते यांवरून खाती जोडून पाहतात, त्यामुळे त्या व्यक्तीचे चालू खातेही जाण्याचा धोका असतो. मदतकेंद्राचा क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन करू नये. तो ॲपमधून किंवा कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्यावा. ‘शुल्क भरा, खाते उघडून देतो’ असे सांगणारा, फोनचा स्क्रीन दाखवायला लावणारा किंवा ओटीपी मागणारा माणूस कोणत्याही कंपनीचे नाव सांगत असला तरी तो फसवणारा आहे असे समजावे. आधीच हवालदिल झालेल्या माणसाला अशा वेळी दुसऱ्यांदा लुबाडले जाते, आणि हे आम्हाला या सगळ्यात सर्वांत वाईट वाटते.

आम्ही संदेशाचा अर्थ समजावून देतो, कागद लावून देतो, तक्रारीचा मसुदा तयार करतो आणि मुदती लक्षात ठेवतो. खाते उघडून देण्याची हमी आम्ही देत नाही आणि आपला पिन, पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीही विचारत नाही. येताना संदेशाचा स्क्रीनशॉट, ओळखपत्राची प्रत, मागील सहा महिन्यांचा बँकेचा उतारा आणि कंपनीशी आतापर्यंत झालेला सर्व पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून आणावा. त्यात आपल्याला बिनमहत्त्वाचा वाटलेला संदेशही वगळू नये.