ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा, वहीत कसा आणायचा आणि त्याची नक्कल कशी काढायची

नाली पाहिजे, पांदण रस्ता पाहिजे, दारूचं दुकान गावात नको, काहीही असो, लोक सरपंचाच्या दारात जातात नाहीतर सचिवाला, म्हणजे ग्रामसेवकाला, फोन लावतात आणि दोघंही म्हणतात "पाहू, घेऊ ठरावात". हे ठरावात घेणं म्हणजे नेमकं काय, ते कोण घेते, कधी घेते, आपण काय करायचं असते, हे बरेच जण विचारून राहिले म्हणून एका जागी लिहून ठेवतो. तालुक्याच्या गावात जिथं नगरपंचायत झाली तिथं ठराव नगरसेवक करतात, आपल्याला तिथं मत नाही. खेड्यात मात्र ग्रामसभेत तुम्ही स्वतः विषय मांडू शकता, हात वर करू शकता, विरोधही लिहून घेऊ शकता. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 7 मध्ये ग्रामसभेच्या बैठकांबद्दल दिलं आहे.

आधी पात्रता. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सदस्य, बस. वावर नसलं तरी चालते, शिक्षण नसलं तरी चालते. घरपट्टी थकली म्हणून तुला बोलता येत नाही असं कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नका, तसा नियम नाही. पण नाव यादीत पाहिजेच, आणि इथंच आपल्याकडच्या बायका मागं पडतात, लग्न होऊन दोन पोरं झाली तरी नाव माहेरच्याच यादीत असते. पहिल्यांदाच नाव टाकायचं असेल तर नमुना 6, माहेरहून इकडं आणायचं असेल तर नमुना 8, दोन्ही बीएलओकडे (गावात मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी) किंवा मोबाईलवरून भरता येतात.

दुसरं, मासिक सभा आणि ग्रामसभा यात गफलत करू नका. मासिक सभा सरपंच आणि मेंबर लोकांची, रोजचा कारभार तिथं चालतो. ग्रामसभा सगळ्या मतदारांची, वर्षातून किमान चार, आपल्याकडे साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. लाभार्थ्यांची निवड, गावचा विकास आराखडा, वर्षाचा हिशोब हे सगळं ग्रामसभेपुढं यायलाच पाहिजे. ठरलेल्या ग्रामसभा सरपंचानं काही सबळ कारण नसताना घेतल्याच नाहीत तर त्याचं पद जाऊ शकते, निर्णय जिल्हाधिकारी देतात. आणि दर नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ही कित्येक गावात कागदावरच होऊन जाते, सह्या घरोघर फिरवून घेतात. बायांनी हे चालू देऊ नये, त्या सभेत जाऊन बसावं, पाण्याचा अन् दारूचा विषय तिथंच पहिले पक्का होतो.

आता अर्ज. साध्या कागदावर लिहा, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांच्या नावानं. विषय एका ओळीत आला पाहिजे, म्हणजे "अमुक गट नंबरपासून तमुक गट नंबरपर्यंत पांदण रस्ता मोकळा करून मातीकाम घेणे", नुसतं "रस्त्याबाबत" लिहिलं तर नंतर कोणता रस्ता म्हणून कोणीही पलटते. खाली नाव, मतदार यादीतला अनुक्रमांक, सही किंवा अंगठा. सोबत विषयाप्रमाणे कागद लावा: रस्त्याचा असेल तर गावनकाशाची नक्कल आणि लागून असलेल्या वावरांचे सातबारे, पाण्याचा असेल तर विहिरीचे किंवा हातपंपाचे फोटो, सोबत आजूबाजूच्या घरच्यांच्या सह्या. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. घ्यायला टाळाटाळ केली तर रजिस्टर पोस्टानं पाठवा, एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याला द्या.

टायमिंग महत्त्वाचं आहे. ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी निघते, विशेष सभेची 4 दिवस आधी, दवंडी होते, बोर्डावर कागद लागतो. विषय त्या नोटिशीवर छापून आला पाहिजे म्हणजे अर्ज त्याच्याही बराच आधी. नाही आला तर "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" हा शेवटचा नंबर असते, पण तिथं परवानगी अध्यक्षाच्या हातात, अन् तोपर्यंत अर्धे लोक उठून गेलेले असतात.

गणपूर्ती म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 लोक, यात जे कमी असेल ते. 500 मतदारांचं गाव असेल तर 75 लोक लागतात, 2,000 चं असेल तर 100 पुरतात. तेवढे जमले नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची गरज नाही. हे नीट समजून घ्या भाऊ, कारण 15 ऑगस्टच्या टायमाला निंदण-डवरणी चालू असते, लोक येत नाहीत, सभा तहकूब होते, अन् मग पुढच्या तारखेला वीस-पंचवीस लोकात सगळं मंजूर होऊन जाते आणि ते कायदेशीरही असते. एकच आधार आहे, तहकूब सभेत मूळ नोटिशीवरचेच विषय घेता येतात, नवीन घुसवता येत नाही.

सभेत गेल्यावर पहिले हजेरीवर सही करा, पण फक्त तुमच्या नावासमोर. मग विषय येतो, एक जण सूचक, एक जण अनुमोदक, चर्चा, हात वर, बहुमत. सूचक म्हणून तुमचं पूर्ण नाव लिहायला सांगा. विरोध असेल तर "माझा विरोध नावानिशी नोंदवा" असं उभं राहून म्हणा, नाहीतर वहीत "सर्वानुमते मंजूर" येते.

आणि आता खरी गोष्ट. ठराव टाळ्या वाजवून मंजूर होत नाही, प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायच्या वहीत, लिहिला गेला तर मंजूर होतो. आमच्या भागातल्या एका गावात पांदण रस्त्यावर दोन तास भांडण झालं, शेवटी सगळ्यांनी हात वर केले, सगळे खुश होऊन घरी गेले, आणि नंतर नक्कल काढली तर त्या विषयापुढं "चर्चा करण्यात आली" एवढंच. मंजूर हा शब्दच नाही, त्यामुळं वरच्या ऑफिसात त्या कागदाला काही किंमत राहिली नाही. म्हणून ठराव लिहिताना तिथंच उभं राहायचं, मोठ्यानं वाचून दाखवायला लावायचं, ठराव क्रमांक डायरीत उतरवायचा आणि शेवटच्या ओळीच्या खाली लगेच अध्यक्षाची सही आहे की मधात चार ओळी कोऱ्या सोडल्या ते डोळ्यानं पाहायचं. कोऱ्या जागेवर तिथंच आडवी रेघ मारायला लावा. हे मागायला लाज वाटू देऊ नका, वही गावाची आहे. पुढच्या सभेत पहिलाच विषय असते "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे", तेव्हा खरंच वाचायला लावा, बदल केलेला असला तर पकडायची जागा तीच.

नक्कल माहिती अधिकारात मिळते. 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज, त्यात सभेची तारीख, ठराव क्रमांक आणि "साक्षांकित प्रत" हे शब्द लिहा, पानाला 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर फी नाही. 30 दिवसात नाही दिली तर पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. कोणत्या कामाला किती पैसा धरला ते ईग्रामस्वराज या सरकारी वेबसाईटवर मोबाईलमध्येही दिसते. तिथं पाहताना एक ध्यानात ठेवा, 15 व्या वित्त आयोगाचा (2021 ते 2026, केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारा निधी) 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला, त्या बांधलेल्या पैशातून सभामंडप मागाल तर ठराव होऊनही काम होणार नाही.

काय करता येत नाही तेही सांगतो. एखाद्या घराला वाळीत टाकायचा, त्यांच्याकडे मजुरीला जायचं नाही असा ठराव बेकायदेशीर आहे, 2016 च्या सामाजिक बहिष्कार कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणाचा सातबारा ठरावानं बदलत नाही.

जंगलाच्या गावांचा हिशोब वेगळा. वनहक्काच्या विषयाला निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यात एक तृतीयांश बाया. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क (सगळ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क) मिळाला, तिथं बहुमतानं नाही तर सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलून निर्णय घेतात. वेळ लागते, पण ठराव झाल्यावर त्याला फाटे फुटत नाहीत.

शेवटी दारूचं दुकान, कारण बायांचे सगळ्यात जास्त प्रश्न हेच. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदीच आहे, बाकी जिल्ह्यात परवान्याचं दुकान बंद करायला नुसता ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के जणींच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागते, उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळते, मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, मतदान केलेल्यांच्या नाही. 800 महिला मतदार असतील तर सह्या 200 अन् मतं 401. म्हणजे जी घरी बसली तिचं मत दुकानालाच गेलं समजा. सह्या घेताना मतदार यादी हातात ठेवा, यादीत जसं नाव तसंच लिहा, अनुक्रमांक टाका, अंगठा असेल तर कोणी घेतला त्याची सही बाजूला, आणि 25 टक्क्यांवर बऱ्याच सह्या जास्त ठेवा कारण पडताळणीत गळतात. आणि निवेदनातच लिहा की मतदान कापूस वेचणीत, सोयाबीनच्या सोंगणीत ठेवू नका, रोजी बुडवून किती बाया रांगेत उभ्या राहतील यावरच तो आकडा अवलंबून आहे.