जुन्या मदरबोर्डांची सूक्ष्मदर्शकीय दुरुस्ती, सोलापूर

जुन्या संगणकांचे मदरबोर्ड अंकीय सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांवरील तुटलेले ताम्रमार्ग, तडकलेले डाख आणि गळके घटक शोधण्याचे व ते बोर्ड पुन्हा चालू करण्याचे काम. ‘मातृफलक’ हा प्रतिशब्द मराठीत क्वचित आढळतो. कारागीर नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. ताम्रमार्गाला ‘ट्रॅक’ आणि पकड सुटलेल्या डाखाला ‘ड्राय’. या नोंदीत सोयीनुसार हेच शब्द घेतले आहेत. सोलापुरात हे काम मोबाईल व लॅपटॉप दुरुस्तीच्या जोडीनेच होते.

कालमर्यादा : कोणता बोर्ड ‘जुना’ मानायचा याबद्दल एकवाक्यता नाही. खालची मर्यादा बहुतेक जण ऑगस्ट 1981 मध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या 5150 या संगणकाशी नेतात. त्याआधीचे घरगुती संगणक यातून सुटतात, हा त्यातला दोष होय. वरची मर्यादा काही संग्राहक आयसा खाचा (जादा कार्डे बसवण्याच्या जुन्या पद्धतीच्या खाचा) बोर्डांवरून नाहीशा झाल्या त्या काळाशी, म्हणजे साधारण 2000 च्या आसपास ठरवतात. दुरुस्तीच्या दृष्टीने 1 जुलै 2006 ही तारीख अधिक उपयोगी वाटते. त्या दिवसापासून युरोपीय संघात शिसेयुक्त डाखावर निर्बंध आले आणि जगभरच्या बोर्डांचा डाख बदलत गेला. 63 टक्के कथिल व 37 टक्के शिसे यांचा जुना डाख 183° से.ला वितळतो, तर कथिल-चांदी-तांब्याच्या प्रचलित मिश्रणाला 217° से.च्या वर जावे लागते. डाख लावण्याची आयर्न कोणत्या तापमानाला लावायची हे यावरून ठरते. संग्राहकाच्या वर्गवारीवरून नव्हे.

सूक्ष्मदर्शक : छायाचित्रक आणि पडदा जोडलेला पहिला अंकीय सूक्ष्मदर्शक कोणाचा, हा प्रश्न व्याख्येवर अवलंबून आहे. तोक्यो येथील हायरॉक्स कंपनीने 1986 च्या सुमारास भिंग, कॅमेरा व नियंत्रणपेटी असा संच तयार केला आणि सामान्यतः त्यालाच पहिला मान दिला जातो. मात्र त्याची संगणकाशी जोडणी सुरुवातीला सदृश (ॲनालॉग) संकेताची होती, त्यामुळे कठोर अर्थाने त्याला ‘चलच्चित्र सूक्ष्मदर्शक’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. घरगुती वापराचा यूएसबी सूक्ष्मदर्शक लोकांना ठाऊक झाला तो इंटेल व मॅटेल यांच्या 1999 मधील क्यूएक्स 3 या मुलांच्या खेळण्यामुळे.

खोक्यावर छापलेल्या ‘1000 पट’ विवर्धनाला फारसा अर्थ नसतो. पडद्यावरील विवर्धन म्हणजे पडद्याची रुंदी भागिले प्रत्यक्ष दिसणाऱ्या क्षेत्राची रुंदी. 48 सेंमी. रुंद पडद्यावर बोर्डाचा 24 मिमी. रुंद भाग दिसत असेल, तर विवर्धन 20 पट झाले. तेच चित्र दुप्पट रुंदीच्या दूरचित्रवाणी संचावर टाकले की ते 40 पट होते, पण तपशील तेवढाच राहतो. इलेक्ट्रॉनिक जोडांच्या तपासणीसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आयपीसी-ए-610 या मानकात 0.25 मिमी.पेक्षा अरुंद पॅडसाठी (घटकाचा पाय ज्यावर डाखतात त्या तांब्याच्या ठिपक्यासाठी) 20 पट आणि वाद उद्भवल्यास 40 पट विवर्धन सांगितले आहे. जुन्या बोर्डांना याहून अधिकाची गरज क्वचितच पडते. त्यांतील डीआयपी (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेल्या) चिपच्या पायांत 2.54 मिमी. अंतर असते व ते नुसत्या डोळ्यांनीही दिसते. सूक्ष्मदर्शकाचा खरा उपयोग चिपसाठी नसून ट्रॅक आणि वाया यांच्यासाठी आहे. वाया म्हणजे बोर्डाच्या एका थरातून दुसऱ्या थरात जाणारी ताम्रलेपित छिद्रे.

डाख लावताना द्विनेत्री स्टीरिओ सूक्ष्मदर्शक वापरावा की अंकीय, याबद्दल कारागिरांत दोन मते आहेत. अंकीय यंत्राचे चित्र सपाट असते, शिवाय ते हाताच्या हालचालीमागून किंचित उशिरा पोचते. त्यामुळे आयर्नचे टोक पॅडच्या वर आहे की पॅडवर टेकले आहे हे नवख्याला उमगत नाही. उलट मान ताठ ठेवता येते, चित्र जतन होते आणि गिऱ्हाइकाला दोष तेथल्या तेथे दाखवता येतो. तपासणीला अंकीय व डाखाला स्टीरिओ ही विभागणी योग्य दिसते. दोन्ही परवडत नसतील, तर भिंग आणि बोर्ड यांच्यात आयर्न शिरेल व फ्लक्सचा (डाख नीट धरावा म्हणून लावायच्या द्रव्याचा) धूर काचेवर बसणार नाही एवढे अंतर ठेवणारा अंकीय सूक्ष्मदर्शक घेणे इष्ट. डाख चकाकतो, म्हणून भोवतालच्या एलईडी दिव्यांचा उजेड कमी करून बाजूने तिरपा उजेड टाकला की तडा सावलीने उठून दिसतो.

बॅटरीची गळती : 286, 386 व 486 या प्रोसेसरांच्या वर्गातील असंख्य बोर्डांवर घड्याळ व सेटिंग टिकवण्यासाठी 3.6 व्होल्टची पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट डाखलेली असते. ती फुटली की ‘ॲसिड गळले’ असे म्हटले जाते. ते चुकीचे आहे. गळतो तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा विद्राव, म्हणजे अल्क. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे पांढरे स्फटिक बनतात, तर तांब्यावर हिरवट-निळा थर चढतो. हा विद्राव विशेषतः ऋण टोकाकडून पसरतो आणि हिरव्या रोगणाखालून सरकतो. वरून धडधाकट दिसणारा ट्रॅक खालून काळा पडलेला असतो तो यामुळेच. बॅटरी बहुधा कीबोर्डच्या जोडणीजवळ असल्याने कीबोर्ड नियंत्रक 8042 ही चिप आणि तिचा सॉकेट प्रथम बळी पडतात. ‘बोर्ड चालू होतो, पण कीबोर्ड घेत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

सफाईच्या पद्धतीबद्दल मतभेद आहेत. एक पक्ष पातळ व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने अल्क शमवून मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुण्यास सांगतो. दुसऱ्या पक्षाच्या मते आम्ल वायात अडकून पुढे तेच तांबे खाते, म्हणून नुसते पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे आहे. पहिली पद्धत रसायनशास्त्राला धरून आहे. मात्र तिच्यात धुणे आणि वाळवणे हा अर्ध्याहून अधिक भाग असतो व घाईत नेमका तोच गाळला जातो. चिंचेचे किंवा मिठाचे पाणी मात्र कोणत्याही मताने वर्ज्य. तांब्याची भांडी घासण्याचा तो नियम येथे चालत नाही.

काही यंत्रांत सुटी बॅटरी नसून डीएस 1287 सारख्या घड्याळ-चिपमध्येच ती रेझिनमध्ये बुजवलेली असते. तिचे आयुष्य सुमारे 10 वर्षांचे धरलेले होते, त्यामुळे आज ती संपलेलीच असते. सूक्ष्मदर्शकाखाली रेझिन कोरून 16 व 20 क्रमांकांचे पाय उघडे करतात, आतल्या मृत बॅटरीची जोडणी तोडतात आणि बाहेरून सीआर 2032 बॅटरी जोडतात.

कपॅसिटरचे फुगणे : साधारण 1999 ते 2007 या काळातील बोर्डांवर, विशेषतः प्रोसेसरजवळच्या ॲल्युमिनियम धारित्रांची (कपॅसिटरांची) टोपणे फुगून तपकिरी द्रव बाहेर येण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर घडले. त्याच्या उगमाविषयी बरेच लिहिले गेले आहे. 2002–03 मध्ये व्यापारी व तांत्रिक नियतकालिकांतून आलेल्या हकिगतीनुसार, जपानी कंपनीतला एक शास्त्रज्ञ चीनमध्ये नोकरीला गेला, तेथे त्याने विद्युत् विच्छेद्याचे (धारित्रातील वीजवाहक द्रवाचे) सूत्र पुन्हा तयार केले आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी ते अपुऱ्या स्वरूपात तैवानला नेले. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यातील चोरीचा भाग खरा की रचलेला हे ठरवण्याजोगा पुरावा प्रसिद्ध झालेला नाही, हे तिच्या पुनरुक्तीत विसरले जाते.

रासायनिक बाजू अधिक भक्कम आहे. अंतर्गत रोध कमी ठेवण्यासाठी त्या काळी पाण्याचे प्रमाण जास्त असलेले विच्छेद्य वापरात आले. पाणी ॲल्युमिनियमवर क्रिया करून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड व हायड्रोजन वायू निर्माण करते. ही क्रिया रोखणारी फॉस्फेटसारखी द्रव्ये पुरेशी नसतील, तर डब्यात दाब वाढून टोपणावरच्या खाचा उघडतात. मेरिलंड विद्यापीठात बाद धारित्रांच्या झालेल्या विश्लेषणातही असाच घटकांचा अभाव आढळला. प्रोसेसरची उष्णता हे तिसरे कारण सांगितले जाते, पण ते मूळ कारण नसून वेग वाढवणारे कारण मानावे. त्याच उष्णतेत चांगल्या बनावटीची धारित्रे टिकलेली आहेत. फुगलेले टोपण डोळ्यांना दिसते. बुडाकडच्या रबरी बुचातून झिरपलेला थेंब मात्र सूक्ष्मदर्शकानेच, तोही बोर्ड तिरपा धरून सापडतो. 1980 च्या दशकाच्या अखेरच्या पृष्ठजोड (छिद्राऐवजी बोर्डाच्या पृष्ठावरच डाखलेल्या) धारित्रांचा प्रकार निराळा : ती न फुगता गळतात आणि आयर्न टेकवताच मासळीसारखा वास सुटतो. अनुभवी माणूस वासावरूनच पॅड कुजल्याचे ओळखतो.

कार्यपद्धती : बोर्डाला वीज देण्यापूर्वी 5 व 12 व्होल्टच्या वाहिन्या ग्राउंडशी शॉर्ट आहेत का हे मल्टिमीटरने पाहतात. आयबीएमच्या पीसी (5150) व त्यानंतरच्या एक्सटी वर्गात 12 व्होल्टवरील एखादे टँटलम धारित्र शॉर्ट होऊन वीजपुरवठा सुरूच न होणे ही नेहमीची बाब आहे. त्यानंतर 10 ते 20 पट विवर्धनात सर्व बोर्ड ओळीने पाहतात. संशयित ट्रॅकवरचे रोगण काचतंतूंच्या पेनने खरवडतात, चकचकीत तांबे लागेपर्यंत जातात, फ्लक्स लावून त्यावर कथिलाचा पातळ थर देतात. मधला तुकडा गेला असेल तर 30 क्रमांकाची, म्हणजे पाव मिमी. जाडीची तार जंपर म्हणून घालतात आणि वरून अतिनील प्रकाशात वाळणारे रोगण लावतात. चार थरांच्या बोर्डात वाया कुजली असल्यास आतल्या थराची जोडणीही तुटलेली असू शकते. ती कोणत्याही सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. तेथे मीटरचा ‘बीप’ हाच पुरावा. एक्सटीनंतरच्या एटी वर्गापासून पुढे, बोर्ड सुरू होताना 80 या षोडशमान पत्त्यावर येणारे संकेत दाखवणारे निदानकार्ड खाचेत बसवून बोर्ड कोठे अडकतो हे कळते.

सोलापूर : येथील हवामान उष्ण व कोरडे आहे, उन्हाळ्यात तापमान 40° से.च्या वर जाते. याचा परिणाम दुहेरी आहे. कोकणातील दमट हवेत बोर्डावर जसा सर्वत्र गंज चढतो तसा येथे कमी दिसतो. मात्र धारित्राचे आयुष्य 10° से. वाढीमागे सुमारे निम्मे होते, या ढोबळ नियमाने 85° से.ला 2,000 तासांचे धारित्र 45° से.ला 32,000 तास, तर 55° से.ला 16,000 तासच टिकेल. पत्र्याच्या छताखाली पडून राहिलेल्या यंत्रातील बॅटरीही लवकर गळते. कोरड्या हवेत स्थिर विद्युतही सहज साठते. म्हणून टेबलावर टॉवेल किंवा चादर अंथरून त्यावर बोर्ड ठेवण्याची घरगुती सवय टाळावी. गावचा माल असला तरी येथे तो कामाचा नाही. मनगटपट्टा व स्थिरविद्युतरोधी चटई वापरावी.

दुरुस्तीला येणारे बोर्ड महाविद्यालये, बँका आणि वस्त्रोद्योग अशा ठिकाणांशी जोडलेल्या काळाची आठवण देतात. वालचंद तंत्रशिक्षण संस्था 1983 मध्ये सुरू झाली. रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर देशातील बँकशाखांत खातेनोंदणीची यंत्रे येऊ लागली. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जकार्ड मागावर विणली जाते, त्याची छिद्रपत्रे तर संगणकाच्या छिद्रपत्रांची पूर्वज समजली जातात. जकार्ड यांची यंत्रणा 1804 ची. हर्मन हॉलरिथ यांनी 1890 च्या अमेरिकी जनगणनेसाठी छिद्रपत्रे वापरली, पण त्यांना ही कल्पना मागावरून सुचली की आगगाडीच्या तिकिटांवर पाडल्या जाणाऱ्या छिद्रांवरून, याबद्दल वाद आहे. हॉलरिथ यांनी स्वतः तिकिटांचा उल्लेख केलेला असल्याने दुसऱ्या मताकडे झुकावे लागते. नात्याचा एक अधिक निश्चित धागा भिंगाचा आहे. कापडातील इंचामागचे उभे-आडवे धागे मोजण्याची घडीची पिक ग्लास वस्त्रव्यवसायात नित्याची वस्तू आहे. सूक्ष्मजीव पाहणारा लेव्हेनहूक हा डेल्फ्टचा कापडव्यापारीच होता. त्याच पिक ग्लासने बोर्डाची पहिली पाहणी चांगली होते. एक इंचाच्या चौकटीत डीआयपी चिपचे एका बाजूचे दहा पाय मावतात, म्हणून ती मोजपट्टीचेही काम करते.

सुटे भाग मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि हैदराबादचे कोटी येथून मिळवता येतात. तिन्ही शहरे सोलापूरशी थेट रेल्वेने जोडलेली आहेत. 4164 सारख्या स्मृतिचिप नव्या मिळत नसल्याने भंगारातील बोर्डांवरून काढाव्या लागतात. मात्र सोन्याचा मुलामा असलेल्या कडा आणि सिरॅमिक प्रोसेसर यांसाठी तेच बोर्ड वजनावर विकले जातात व अनेकदा आम्लात जातात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रीकरण नोंदणीकृत केंद्रातच व्हायला हवे. बोर्ड भंगारात देण्यापूर्वी त्यावरची बॅटरी कापून काढावी. ती विषारी कॅडमियमची असते आणि भंगाराच्या ढिगातही गळतच राहते.