कास्तेल्लो उर्सिनो

इटलीतील सिसिली बेटावर, कातानिया शहरात असलेला तेराव्या शतकातील किल्ला. पवित्र रोमन सम्राट आणि सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक (११९४–१२५०) याने १२३९ मध्ये त्याच्या बांधकामाचा हुकूम सोडला. काम रिकार्दो दा लेंतिनी याच्या देखरेखीखाली चालले.

फ्रेडरिकने १२३१ मध्ये नवी कायदेसंहिता लागू करून शहरांच्या मुभा आवळल्या, तेव्हा सिसिलीच्या पूर्व भागात बंड उसळले. कातानियाही त्यात होते. बंड मोडल्यावर काही वर्षांतच हा किल्ला उभा राहू लागला. त्यामुळे समुद्रावर पहारा हे त्याचे काम असले, तरी दरारा बसवायचा होता तो शहरावरच, असे मानायला जागा आहे.

रिकार्दो हा कातानियाच्या दक्षिणेकडील लेंतिनी गावचा. शाही बांधकामांचा तो प्रमुख होता आणि सिसिलीतल्याच सिराक्यूज शहरातील कास्तेल्लो मानियाचे या किल्ल्याशीही त्याचे नाव जोडले जाते. त्याला वास्तुविशारद म्हणण्याची पद्धत आहे. पण कागदोपत्री दिसतो तो पैसा, मजूर आणि सामान यांचा मेळ घालणारा सरकारी अंमलदार. आराखडा त्याच्याच डोक्यातून निघाला की नाही, याचा त्यावरून निवाडा होत नाही. फ्रेडरिकच्या १२३९–४० च्या पत्रव्यवहाराची मूळ वही नेपल्सच्या दप्तरखान्यातील इतर कागदांबरोबर १९४३ च्या युद्धात जळाली. मजकूर आधीच छापला गेला होता, म्हणून हाती राहिला.

किल्ला चौरस आहे, बाजू सुमारे ५० मीटर. चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज, मध्ये चौक आणि अडीच मीटर जाडीचे तट. प्रत्येक बाजूच्या मधोमध अर्धगोल बुरूज होता; त्यांपैकी दोन उरले आहेत. बांधणी एटना ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची. सह्याद्रीतील किल्ले पाहिलेल्या माणसाला तो रंग परका वाटणार नाही. दरवाजावरच्या कोनाड्यात सम्राटाचे चिन्ह असलेला गरुड आहे, पंजांत ससा पकडलेला. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. चौकाच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेली अक्षरे अजून दिसतात.

बांधला तेव्हा किल्ला समुद्राला लागून होता. १६६९ च्या मार्चमध्ये एटना फुटला आणि लाव्हा डोंगरउतारावरची गावे गिळत शहरापर्यंत आला. त्याने किल्ल्याला वेढा घातला, खंदक बुजवला आणि समुद्रात शिरून किनाराच काहीशे मीटर पुढे ढकलला. तट मात्र टिकले. १६९३ च्या भूकंपात बहुतेक कातानिया जमीनदोस्त झाले, त्यातूनही किल्ला वाचला. १९३४ पासून येथे नगरसंग्रहालय आहे. समुद्र आता रस्ते आणि घरांच्या पलीकडे गेला आहे, आणि बुरुजांच्या पायथ्याशी थिजलेला लाव्हा तसाच पडून आहे.