मते तेवढीच, निकाल उलटा: अंधेरी पूर्वचे आकडे कसे वाचावेत

मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या १६६ क्रमांकाच्या मतदारसंघाचे, म्हणजे अंधेरी पूर्वचे, चार आकडे आधी पाहा: ५२,८१७, ६२,७७३, ६६,५३० आणि ६८,५२४. एकाच घरातल्या उमेदवारांना लागोपाठ चार विधानसभा लढतींत मिळालेली ही मते आहेत. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे रमेश लटके उभे होते. मे २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत व पुढे २०२४ मध्ये त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके उभ्या राहिल्या. मतांचा आकडा दर वेळी थोडा का होईना, वाढलेलाच आहे. निकाल मात्र असे: ५,४७९ मतांनी विजय, १६,९६५ मतांनी विजय, 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) या बटणापेक्षा ५३,७२४ जास्त मतांनी विजय आणि २५,४८६ मतांनी पराभव.

सर्वाधिक मते मिळाली त्याच वर्षी जागा गेली. 'लोकांनी पाठ फिरवली' हे वाक्य टीव्हीवर बोलायला सोपे असते, पण या आकड्यांवर ते बसत नाही.

सुरुवात हद्दीपासून करावी लागते. आजचा अंधेरी पूर्व मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून आला. त्या पुनर्रचनेला २००१ च्या जनगणनेचा आधार होता आणि तिच्यानुसार पहिली विधानसभा निवडणूक २००९ मध्ये झाली. मुंबईच्या जागा ३४ वरून ३६ झाल्या. वस्ती उत्तरेकडे सरकली होती, म्हणून त्यांतल्या २६ जागा उपनगर जिल्ह्यात आल्या आणि शहर जिल्ह्याकडे १० राहिल्या. त्याआधी 'अंधेरी' नावाचा मतदारसंघ होता आणि २००४ मध्ये तिथून काँग्रेसचे सुरेश शेट्टी निवडून आले होते. २००९ मध्ये तेच शेट्टी अंधेरी पूर्वमधून लटके यांच्यापेक्षा सुमारे ५ हजार मते जास्त घेऊन आले. नाव जवळपास तेच आणि आमदारही तेच, त्यामुळे दोन्ही निवडणुकांचे आकडे एका आलेखात जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मधल्या काळात मतदारच बदलले आहेत. पुनर्रचनेआधीचा आकडा हवाच असेल तर जुन्या हद्दीतली मतदान केंद्रे एकेक करून नव्या हद्दीत बसवावी लागतात, आणि अर्धवट कापल्या गेलेल्या यादीभागांपाशी (मतदारयादीच्या तुकड्यांपाशी) हे काम हटकून अडते. पोस्टाच्या पत्त्यावरही भिस्त ठेवू नये. पत्त्यात 'अंधेरी पूर्व' लिहिणारा माणूस मतदानाला शेजारच्या मतदारसंघात जात असू शकतो.

हद्द नक्की झाली की लढत किती जणांत होती ते पाहायचे. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या. लटके ५२,८१७, भाजपचे सुनील यादव ४७,३३८ आणि शेट्टी ३७,९२९ अशी मते फुटली. २०१९ मध्ये युती पुन्हा जुळली आणि जागा शिवसेनेकडे राहिली. कागदावर बेरीज केली तर ५२,८१७ आणि ४७,३३८ मिळून लाखावर मते व्हायला हवी होती. पण मुरजी पटेल अपक्ष उभे राहिले आणि ४५,८०८ मते घेऊन गेले. काँग्रेसला २७,९५१ मते पडली. भाजपची २०१४ ची मते आणि अपक्ष पटेल यांची २०१९ ची मते यांत जेमतेम दीड हजाराचा फरक आहे. युती नेत्यांची झाली, मतांची झाली नाही, असा निष्कर्ष इथे जिभेवर येतो. तो कदाचित बरोबरही असेल. पण दोन बेरजा सारख्या आल्या म्हणून त्यांच्यामागची माणसे तीच, असे सिद्ध होत नाही. पाच वर्षांत कोणी घर बदलते, कोणी १८ वर्षांचे होते, कोणी वारते, कोणी या बाजूचे त्या बाजूला जाते. बेरीज यातले काहीच दाखवत नाही. समूहाच्या आकड्यावरून एकेका माणसाचे वागणे ठरवायचे ही संख्याशास्त्रातली जुनी चूक आहे, आणि निवडणुकीच्या रात्री ती सर्वांत जास्त केली जाते.

लटके यांच्या आकड्यालाही हेच लागू आहे. २०१४ ची मते एकट्या शिवसेनेची होती आणि २०१९ ची युतीची. २०२२ मध्ये पक्ष फुटलेला, धनुष्यबाण गोठवलेला, हातात नवी मशाल आणि पाठीशी काँग्रेस व राष्ट्रवादी. २०२४ मध्ये महाविकास आघाडी. आकडा ६० ते ७० हजारांत राहिला, पण त्याच्या पोटातली माणसे बरीच इकडची तिकडे झाली असणार.

लढत किती कोनी होती हे मोजायला एक सोपा निर्देशांक आहे. मार्कू लाक्सो आणि राइन तागेपेरा यांनी तो १९७९ मध्ये मांडला. प्रत्येक उमेदवाराचा मतांतला वाटा दशांशात लिहायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि १ ला त्या बेरजेने भागायचे. दोघांना निम्मी निम्मी मते असतील तर ०.२५ अधिक ०.२५ म्हणजे ०.५, आणि उत्तर २. वर्ग केल्यामुळे चिल्लर मते घेणारे उमेदवार आपोआप बाजूला पडतात. हा या सूत्राचा मोठा फायदा, नाहीतर मतपत्रिकेवरची नावे मोजून लढतीचा अंदाज घ्यावा लागला असता.

अंधेरी पूर्वमध्ये २०१९ चे वाटे साधारण ४३, ३१ आणि १९ टक्के. उत्तर ३ च्या थोडे वर येते. २०२२ मध्ये एकाच नावाला ७७ टक्के मते असल्याने ते दीडच्या जरा पुढे घसरते. २०२४ मध्ये पटेल शिंदे यांच्या शिवसेनेकडून महायुतीचे उमेदवार होते. त्यांना ९४,०१० मते, लटके यांना ६८,५२४, आणि निर्देशांक २ च्या आसपास. आता सुरुवातीचे कोडे सुटते. तिरंगी लढतीत ६२ हजार मते जागा काढतात. आमनेसामने लढतीत ६८ हजार मतांवर हरायची वेळ येते.

२०२२ च्या पोटनिवडणुकीचा आकडा मात्र या रांगेत बसवूच नये. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत ती भरावी लागते, म्हणून ३ नोव्हेंबरला मतदान ठरले. भाजपने मुरजी पटेल यांचा अर्ज भरला होता. तो १७ ऑक्टोबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, मागे घेतला. रिंगणात सात जण उरले, पण मोठ्या पक्षाचे आव्हान उरले नाही. सुमारे २ लाख ७१ हजार मतदारांपैकी ३१.७४ टक्के केंद्रावर आले. एकूण ८६,५७० मतांपैकी ६६,५३० लटके यांना गेली आणि दुसऱ्या क्रमांकावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आले. नोटाला १२,८०६ मते. उरलेल्या सहा जणांची मिळून बेरीज ७,२०० च्या घरात.

७७ टक्के हा प्रचंड विजय आहे का? प्रश्न छेदाचा आहे. झालेल्या मतांशी भागले तर ७७ टक्के. नोटा वगळून फक्त उमेदवारांच्या मतांशी भागले तर ९० टक्के. यादीतल्या सगळ्या मतदारांशी भागले तर साडेचोवीस टक्के. तिन्ही उत्तरे खरी आहेत. बातमीत कोणते आले ते पाहिले की लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते कळते. मतदारसंघाचा तक्ता करताना हे तिन्ही रकाने वेगळे ठेवावेत. शेवटचा रकाना तर ठेवावाच, कारण मतदान अर्ध्यावर आले की बाकी दोन रकाने फसवतात.

नोटाचा हिशेब थोडा वेगळा चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आले. ते उमेदवारांच्या नावांखाली, अगदी शेवटी असते. विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी निवडून येतो तो मतांत सर्वांत पुढचा उमेदवारच. (महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नोटा पुढे असेल तर फेरनिवडणूक असा आदेश काढला, पण तो स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता. विधानसभा निवडणूक घेणारा केंद्रीय आयोग आणि हा राज्य आयोग वेगळे आहेत, आणि ही गल्लत फार होते.) अनामत रक्कम वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा ओलांडावा लागतो, आणि त्या बेरजेत नोटा धरत नाहीत. २०२२ मध्ये ही रेषा सुमारे १२,३०० वर होती. सहाही जणांची अनामत गेली. नोटा तेवढी एकटी त्या रेषेच्या वर, पण तिने अनामत भरलेलीच नव्हती!

नोटा दुसरी येण्याचे महाराष्ट्रातले हे पहिले उदाहरण नव्हे. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगावमध्येही असे झाले होते. एरवी तिचा वाटा अगदी किरकोळ असतो, २०१९ मध्ये राज्यभराचा दीड टक्क्याच्या आत. तिथून जवळपास १५ टक्क्यांवर उडी गेली की कारण शोधावेच लागते. ठाकरे गटाने तेव्हा नोटासाठी पद्धतशीर प्रचार झाल्याचा आरोप केला होता. केंद्रनिहाय आकड्यांतून अशा दाव्याची निदान अर्धी तपासणी करता येते. नाराजी सर्वत्र सारखी पसरलेली असेल तर नोटाचा वाटा बहुतेक केंद्रांवर थोड्याफार फरकाने एकसारखा दिसेल. कोणी गठ्ठ्याने मते वळवली असतील तर ठरावीक केंद्रांवर उंचवटे उठतील, आणि तीच केंद्रे २०१९ मध्ये कोणाकडे झुकली होती हे पडताळता येईल. मात्र उंचवटा सापडला तरी त्यामागे पैसा, पक्षनिष्ठा की राग, हे आकडा सांगणार नाही.

हे केंद्रनिहाय आकडे नमुना २० या निकालपत्रात मिळतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती निकालपत्रे असतात, बहुधा स्कॅन केलेली, कधी तिरकी, त्यामुळे ३ आणि ८ ची अदलाबदल ठरलेली. हाताने भरल्यावर प्रत्येक ओळीची आडवी बेरीज आणि प्रत्येक रकान्याची उभी बेरीज जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. टपाली मतांची ओळ वेगळी असते आणि ती राहून गेली की उमेदवाराची बेरीज छापील निकालाशी जुळत नाही.

या कागदामागे केंद्रावरचे काम असते. मतदानाआधी किमान ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेतात. निकाल व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेले ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी पडताळून 'क्लिअर' दाबतात, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करतात आणि मग खरे मतदान सुरू होते. संध्याकाळी 'क्लोज' दाबून एकूण मते नमुना १७ सी मध्ये लिहितात आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात. चुका होतात त्या याच दोन बटणांपाशी. 'क्लिअर' राहिले तर मॉक पोलची मते खऱ्या मतांत मिसळतात. 'क्लोज' राहिले तर मतमोजणीच्या टेबलावर यंत्र निकालच दाखवत नाही. १७ सी शी न जुळणारे किंवा मॉक पोलची मते पोटात राहिलेले यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचा फरक त्या केंद्रांवरच्या मतांपेक्षा कमी निघाला तर त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. याशिवाय दर विधानसभा क्षेत्रात सोडतीने निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून पडताळणी होतेच. २०२२ ला अंधेरी पूर्वमध्ये २५६ केंद्रे होती. एका फेरीत १४ टेबले, म्हणजे १९ फेऱ्या. पहिल्या फेऱ्यांतल्या आघाडीवरून अंदाज बांधणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की केंद्रे क्रमांकाने येतात आणि लागोपाठचे क्रमांक म्हणजे शेजारच्या वस्त्या. पहिली फेरी हा मतदारसंघाचा नमुना नसतो, त्याचा एक कोपरा असतो.

टपाली मतांना कमी लेखण्याची सोय याच भागाने संपवली. अंधेरी पूर्व हा मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाच्या सहा भागांपैकी एक. २०२४ मध्ये तिथे यंत्रांतली मते मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ होते, म्हणजे नऊ लाखांत एका मताचा फरक. टपाली मते वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद टपाली मते १११ होती. विजयाचा फरक बाद मतांपेक्षा कमी असला की ती सगळी पुन्हा तपासणे बंधनकारक असते, आणि ती तपासली गेली. टपाली मत बाद होते ते बहुतेक वेळा घोषणापत्रावर सही किंवा साक्षांकन नसल्याने, किंवा ते वेगळ्या पाकिटात न घातल्याने.

पुढच्या निवडणुकीआधी तक्ता करणाऱ्यांना एक काम नव्याने करावे लागेल. एका केंद्रावर आधी १,५०० पर्यंत मतदार चालत. २०२५ मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने ही मर्यादा १,२०० केली. केंद्रे फुटतील, क्रमांक सरकतील आणि २०२४ चे केंद्र क्रमांक ९० पुढच्या वेळी भलत्याच इमारतीत निघेल. जुळवणी क्रमांकावरून न करता यादीभागातल्या इमारती आणि गल्ल्यांच्या नावांवरून करावी लागेल. त्यासाठी २०२४ च्या मतदारयादीची पहिली पाने आताच उतरवून ठेवलेली बरी.